निळ्या शिक्क्याची पोच

अहो, काल निकाल लागला. आपण हरलो.

आधी हेच सांगून टाकते, नाहीतर जिथं असाल तिथून "मग? साहेब काय म्हणले?" करत माझ्या खनपटीला बसाल. साहेब काही म्हणाले नाहीत. कारकुनाने दोन पानं हातात दिली, माझी सही घेतली आणि पुढच्या नावाचा पुकारा झाला. तक्रार पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे. या एका ओळीसाठी तुम्ही तीन वर्षं इस्त्रीचा शर्ट घालून ग्राहक न्यायालयात जात होता. आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला कधी घातला नाहीत.

तुम्हाला माती दिल्याला दोन महिने झाले. रेणू बार्शीहून आली होती ती पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, "आई, ती केस आता सोड. बाबांबरोबर गेली म्हण." मी हो म्हटलं आणि तारखेला गेले. तुमच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा हात वर करून उभी राहिले. शिपाई म्हणाला, "मास्तर कुठायत?" मी सांगितलं. त्याने टोपी काढली. तीन वर्षांत त्या इमारतीत तुम्हाला काही मिळालं असेल तर ते हे.

मग वारस म्हणून माझं नाव लावण्याचा अर्ज लिहायचा होता. तुमचे सगळे अर्ज मीच लिहिले, हाही मीच लिहिला. तुमच्या नावाआधी 'मयत' लिहायचं असतं. उखाण्याशिवाय तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, आणि घेतलं ते असं. मयत सिद्राम. अक्षर चांगलं आलं. दहावीला बसवलं होतंत ना तुम्ही मला, रेणू पोटात असताना. स्वतः चौथीत शाळा सोडलेला माणूस परीक्षेच्या दाराबाहेर डबा घेऊन बसला होता, आणि भवानी पेठेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या अक्षराचा मी पुढं काय उपयोग केला ते लिहायला आज बसले आहे.

सुरुवात तुम्हाला पाठ आहे, पण मला माझ्या तोंडाने सांगू द्या.

आपल्या धंद्याचं गणित त्या बँकेला कधी कळलं नाही. शाळेचे गणवेश शिवणाऱ्याच्या घरी पैसा येतो तो मे ते जुलै. दिवाळी झाली की तिन्ही मशिनी झाकून ठेवायच्या आणि खातंही तसंच कोरडं. खात्यात ठरलेली रक्कम नाही म्हणून बँक दंड कापायची. दंडाने रक्कम आणखी कमी व्हायची, म्हणून पुन्हा दंड. कुणीतरी सांगितलं की अर्ज दिला तर साधं खातं करून मिळतं, त्याला असलं काही लागत नाही. तुम्ही मला पाटावर बसवून अर्ज लिहून घेतलात, बँकेत दिलात आणि दुसऱ्या प्रतीवर गोल निळा शिक्का मारून पोच घेऊन आलात. दारातूनच म्हणालात, "हे बग. शिक्का हाय. आता एक रुपाया कापू दे त्यास्नी."

त्यांनी कापला. साधं खातं झालंच नव्हतं. आणि नेमका त्याच आठवड्यात इराण्णांना कापडाचा चेक दिला होता. तुम्ही पै न् पै मोजून खात्यात भरून आला होता, मध्ये दंड गेला, आणि चेक परत गेला. चेक परत गेला म्हणून वर आणखी दंड.

इराण्णांचा फोन आला तेव्हा मी काज करत होते. वीस वर्षं त्या दुकानातून आपण शब्दावर कापड आणलं. इराण्णा भांडले नाहीत, ते भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मास्तर, असूं द्या. पर हितनं फुडं आपुन रोखीनं करू." तुम्ही "व्हय" म्हणालात, फोन ठेवलात आणि कात्रीला धार लावत बसलात. कात्रीला धार होती. आदल्याच दिवशी लावली होती.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचे, अहो, गेले ते गेले, रिक्षाला आणि टायपिंगला त्याहून जास्त चाललेत. तुम्ही म्हणायचा, "मला पैशे नगंत. कागद पायजे. त्यावर लिवलेलं पायजे की चूक बँकेची हुती, सिद्राम मास्तरची नव्हती. त्यो कागद मी इराण्णाच्या गल्ल्यावर ठिवणार आन् मग येणार." मी विचारायचे, आणि मग काय? तुम्ही म्हणायचा, "मग काय न्हाई. मग कापड घिऊन येणार, हमेशासारकं."

वकील लावला नाहीत. आपली बाजू आपण मांडायची, तिथं चालतं म्हणे. तारखेच्या आदल्या संध्याकाळी कटिंगच्या टेबलापाशी उभे राहून बोलून बघायचा. हातात मार्किंगचा खडू. मुद्दे टेबलावरच खडूने लिहायचा आणि मोजायचा मात्र कानडीत, ओंदू, एरडू, मूरू, जशी मापं घेताना मोजायचा तशी. "साहेब, आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला इचारल्याबिगर कात्री लावत न्हाईत." हे वाक्य तुम्हाला फार आवडलं होतं. मी आतून ओरडायचे, "साहेब, भाकरी गार व्हायलीय." तुम्ही चिडायचा, आणि मला ते आवडायचं. आता खरं सांगायला काय हरकत आहे, तो माणूस मला आवडायचा. साठीच्या पुढं गेलेला, गळ्यात टेप अडकवून रिकाम्या खोलीला साहेब म्हणणारा.

मी म्हटलं होतं, पोचेची झेरॉक्स तरी तक्रारीला जोडा. तुम्ही ऐकलं नाहीत. "आत्ताच दावली तर त्येंचा वकील उत्तर तयार ठिवंल. त्येस्नी आदी म्हणूं दे की अर्ज आलाच न्हाई. मग काढतो." मेंढीकोट खेळतानाही तुम्ही हुकमाचं पान असंच शेवटपर्यंत धरून बसायचा, आणि पुष्कळदा डाव संपायचा तरी ते हातातच असायचं. ही चूक तुमची. ही एक तुमच्या नावावर ठेवा. पुढची सगळी माझी.

केस घातली त्या दिवाळीला लक्ष्मीपूजनात आपण नेहमीसारखं सगळं मांडलं. कात्री, टेप, खडू, नवी वही, पासबुक. तुम्ही पोच घडी करून पासबुकात घातलीत, वर हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणालात, "हे पासबुक आन् आतला कागद तळ्यात जायाचा न्हाई बरं का. केसला लागतोय. वरच्या कप्प्यात ठिवतो." मी मान हलवली. माझ्या लक्षात आहे, मी मान हलवली.

आपल्या घरात पूजेला लागलेला कागद रद्दीत जात नाही की चुलीत जात नाही. वर्षभर ठेवायचा, पुढच्या पूजेच्या आधी लाल फडक्यात बांधायचा आणि तळ्यात सोडायचा. सासूबाईंनंतर हे काम माझं. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कपाटाचा वरचा कप्पा आवरताना मी जुनी वही काढली, तिच्याखाली कुंकवाचे डाग पडलेलं पासबुक दिसलं, ते वहीवर ठेवलं आणि गाठ मारली. तळ्याच्या पायरीवर आत एखादं नाणं राहिलंय का बघायला गाठ सोडली. पासबुकातून एका कागदाचा कोपरा बाहेर आला होता, पिवळा झालेला, आणि त्यावर निळ्या शाईची कड. मी बघितला. घरी करंज्यांचं सारण वाट बघत होतं. मी गाठ पुन्हा मारली आणि बोचकं पाण्यात सोडलं.

तीन आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं. असा कोणताही अर्ज शाखेस प्राप्त झालेला नाही. घरी येताना तुम्ही पेढे आणलेत. पेढे हातात देत म्हणालात, "घावले. आता बग कसं करतो." आणि कपाटाचा वरचा कप्पा उघडलात.

मला त्याच क्षणी आठवलं. तो कोपरा, ती शाई. पेढा माझ्या तोंडात होता.

तुम्ही कप्पा रिकामा केलात, खालचे केलेत, ट्रंक काढली, मशिनींचे ड्रॉवर काढले. मग माझ्यासमोर उभे राहून साधेपणाने विचारलंत, "तू तळ्यात तर न्हाई टाकलंस?"

"न्हाई की," मी म्हटलं. "तुमी सांगितलं होतं ना."

का म्हटलं? इतके दिवस मी मलाच विचारते आहे. तुमचा चेहरा बघवला नाही हे खरं आहे. पण दुसरंही खरं आहे, ते आज लपवत नाही. आत कुठंतरी मला बरं वाटलं. वाटलं, कागद सापडला नाही की हा माणूस कंटाळेल, केस सोडेल, घरात पुन्हा केसशिवाय दुसरं बोलणं होईल. चार दिवस शोधाल आणि थांबाल असं मी धरलं होतं. इतकी वर्षं संसार करून तुम्हाला एवढंच ओळखलं होतं मी.

तुम्ही थांबला नाहीत, पण कपाटावरचा तुमचा संशय गेला आणि स्वतःवर आला. बायको म्हणते तळ्यात टाकला नाही, म्हणजे टाकला नाही. मग आपणच कुठंतरी ठेवून विसरलो. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि तो ठेवायला जागा नव्हती म्हणून स्वतःवरचा काढून घेतलात.

मग काय काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. कुलूप लावून निघालात की कोपऱ्यावरून परत यायचा, लागलंय का बघायला. पुढच्या हंगामात एका शाळेच्या हाफ पँटींची मापं तीन-तीनदा घेतलीत आणि तरी मला म्हणालात, "तू लिवून ठिव. माझं काय खरं न्हाई आता." ज्या माणसाला शंभर पोरांच्या कमरा तोंडपाठ असायच्या, तो खडू हातात घेऊन कापडावर वाकून तसाच राहायचा. डॉक्टरांकडे जाऊन आठवण ठेवायच्या गोळ्या मागितल्यात. ते हसले आणि म्हणाले, वय झालं, बदाम खा. पाच बदाम रोज. ते बदाम मीच भिजवायचे. सोलून वाटीत द्यायचे. तुम्ही एक-एक चावून खायचा आणि म्हणायचा, "बगू, आटवतंय का." आणि मी वाटी धुवायला न्यायचे.

दीड वर्ष. त्यातला कुठलाही एक दिवस चालला असता. तुम्ही ओरडला असता, जेवला नसता, आठवडाभर माझ्याशी बोलला नसता. त्यापलीकडे तुम्ही काय केलं असतं? भीती वाटण्यासारखे तुम्ही कधीच नव्हता. पहिल्या दिवशी सांगायला धीर झाला नाही, आणि पुढं प्रत्येक दिवशी आदल्या दिवसाचं खोटं त्यात मिळत गेलं.

दवाखान्यातले दोन दिवस मी लिहीत नाही. एवढंच लिहिते. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही खुणेने मला जवळ बोलावलंत. मला वाटलं रेणूचं काही, मशिनींचं काही. तुम्ही म्हणालात, "वरच्या कप्प्यात नीट बगितलंस का?" मी म्हटलं, "बघते." आपलं शेवटचं बोलणं हे.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी तुमच्या मोबाईलवर बँकेचा संदेश आला. प्रिय ग्राहक, किमान शिल्लक नसल्याने आपल्या खात्यातून. पुढचं वाचलं नाही. मोबाईल तुमच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिला, इस्त्रीच्या शर्टाच्या.

मागच्या तारखेला मी न्यायालयात सगळं सांगितलं. बँकेची वकील रेणूच्या वयाची मुलगी आहे, ती खाली कागदात बघत राहिली. न्यायासनावरच्या बाईंनी विचारलं, "पोच आहे का?" मी म्हटलं, होती, मी पाण्यात सोडली. अर्ज माझ्याच अक्षरात होता, मी शपथेवर लिहून देते. दिलंही. त्यांच्या शेजारच्या साहेबांनी तो कागद पुढं ओढून वाचला. मग म्हणाले, "बाई, हे तेव्हाच सांगितलं असतं, तर बँकेचं आवक रजिस्टर मागवता आलं असतं. अर्ज दिला असेल तर त्यात नोंद असतेच." बँकेच्या मुलीने हळू आवाजात सांगितलं की गेल्या वर्षी शाखा नव्या जागेत गेली, तेव्हा जुनी रजिस्टरं काढून टाकली.

गेल्या वर्षी. तेव्हा तुम्ही रोज पाच बदाम खात होता.

म्हणजे पोच बुडाली म्हणून आपण हरलो नाही. पोच बुडाल्यावरही जिंकता येत होतं. फक्त मी एकदा तोंड उघडायला हवं होतं. तुम्ही त्याच दिवशी मला पाटावर बसवलं असतंत, "लिव, रजिस्टर मागवण्याचा अर्ज" म्हणून, आणि मी लिहिला असता, चांगल्या अक्षरात. बँकेने कापलं ते कापलंच. पण तुमचा कागद बँकेने नाही घेतला. मी घेतला.

काल निकालाची पानं पिशवीत घालून मी तशीच इराण्णांच्या दुकानात गेले. एका शाळेची ऑर्डर अर्धी राहिली आहे, शाळा सुरू झाल्या, कापड लागणारच होतं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. चेक का परत गेला ते, अर्ज, पोच, तळं. चूक तुमची नव्हती, हे कागदावर नाही मिळालं, म्हणून तोंडाने सांगितलं. पानं त्यांच्या गल्ल्यावर ठेवली. तुम्हाला ठेवायची होती ती ही नव्हेत, माहीत आहे.

इराण्णांनी पानं उलटली नाहीत. म्हणाले, "वैनी, मास्तर लई चांगले हुते. आता गेल्या मान्साचा चेक काय उकरून काडायचा?" मी म्हटलं, उकरायचा नाही, तुम्हाला खरं वाटलं का एवढंच सांगा. ते म्हणाले, "वाटलं की." आणि नोकराला कापड काढायला सांगितलं. बिल झाल्यावर नजर दुसरीकडे वळवून विचारलं, "रोख हाय न्हवं?"

होते. मी दिले. पानं पुन्हा पिशवीत घातली आणि रिक्षाने घरी आले.

कटिंगच्या टेबलाच्या कडेला तुम्ही खडूने लिहिलेली तारीख कालपर्यंत होती, त्या तारखेला तुम्ही नव्हता. मी तिच्यावर कापड येऊ देत नव्हते. काल मात्र ताग्याची कड तिच्यावरून गेली आणि निम्मी पुसली. मी उरलेलीही पुसली, ऑर्डर द्यायची आहे. कापायला मी बसते आता. तुमच्यासारखं येत नाही.

मला माफ करा असं मी लिहिणार नाही. माफ करायला माणूस लागतो, आणि तुम्ही असताना मी तुम्हाला ते करू दिलं नाही. डब्यात मूठभर बदाम उरलेत, ते कुणाला द्यावेत कळत नाही. कपाट मात्र रोज उघडते. शेवटी मी म्हटलं होतं, बघते. तेही खोटं होतं, कारण बघण्यासारखं काही नव्हतं हे मला ठाऊक होतं. आता उत्तर देते, ऐकू येत असेल तर ऐका. तुम्ही काही विसरला नव्हता. तुमच्या डोक्याला काही झालं नव्हतं. पोच वरच्या कप्प्यातच होती, पासबुकात, तुम्ही म्हणत होता तिथंच.